त्र्यंबकरावांनी सुरळीच्या वड्या केल्या, ती हकिकत

श्री अन्नपूर्णेस नमन, चुलीस नमन, जे गेले त्यांस नमन, आणि जे पाच वाजता खावयास येणार त्यांसही नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, फाल्गुन शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील राज्यात जे वर्तमान जाहले ते जैसे घडले तैसे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही.

राज्य लहान. दोन खोल्या, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस जिना, आणि मध्ये मुदपाकखाना, ज्यात दोघे उभे राहिले तर तिसऱ्याने दारातूनच बोलावे. राज्याचे धनी त्र्यंबकराव. त्यांनी तेहतीस वर्षे एस.टी.च्या स्थानकावर चाकरी केली, आणि चाकरी ही की कोणती गाडी कोणत्या फलाटास लागली ते भोंग्यावरून सांगावे. आवाज खणखणीत, चाल एक, घाई नाही आणि रेंगाळणे नाही. पुढे निवृत्त जाहले तेव्हा तो आवाज घरी आला, आणि मग स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून ते रोज वर्तमानपत्रातील पानभर राशिभविष्य मेषेपासून मीनेपर्यंत मोठ्याने वाचू लागले, आणि आत कुमुदबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काम करता करता ऐकू लागल्या. कुमुदबाईंची रास कन्या. ती वाचून झाली की त्या आतून म्हणावयाच्या, "माझी पुन्हा वाचा," आणि राव पुन्हा वाचावयाचे, आणि मग बाई म्हणावयाच्या, "काही खरं नाही मेल्यांचं." ऐसे बारा वर्षे चालिले. मग गेल्या भाद्रपदात कुमुदबाई चार दिवसांच्या दुखण्याने वारल्या. राव पुढेही वाचीत राहिले, कारण सकाळी दुसरे काय करावे ते त्यांस ठाऊक नव्हते, पण सिंहेवरून एकदम तुळेवर जात. मधली रास राज्यातून उठली.

आता कट्ट्याचे वर्तमान. इमारतीच्या फाटकापाशी सिमेंटचा कट्टा आहे, तेथे सायंकाळी सहा बायका बसत, त्यांत कुमुदबाई एक. कट्टा बांधिला तो दिवस फाल्गुन शुद्ध पंचमीचा, म्हणून दरसाल त्या दिवशी कुमुदबाई कट्ट्यास घरी बोलावून खाऊ घालीत. जेवण नव्हे, खाणे. आणि त्या खाण्याचा कायदा कुमुदबाईंनी घालून दिला होता तो हा की, प्रत्येक जिन्नस एका हाताने उचलून तोंडात टाकिता यावा, दुसरा हात बोलावयास मोकळा राहावा. "दोन्ही हात अडकले की आमचं बोलणं होत नाही," ऐसे त्या म्हणत, आणि ते खरे होते, कारण कट्ट्यावरील निम्मे बोलणे हातानेच होई. म्हणून वाटी-चमचा बंद, रस्सा बंद, जे ठिबकेल ते बंद. आणि दुसरा कायदा, जे घरात आहे त्यातूनच करावे, कोणाच्या डोळ्यांत भरेल ऐसा खर्च करू नये, नाहीतर पुढचीस धाक पडतो. या दोन्ही कायद्यांत बसणारा मुख्य जिन्नस सुरळीच्या वड्या. बेसन, ताक, पाणी, एवढ्यावर काम, आणि घास असा की तोंडात ठेवावा आणि तो आपला आपण जावा.

कुमुदबाई गेल्यावर कट्ट्याने विचार केला की रावांस त्रास देऊ नये. मग माघात दुसऱ्या मजल्यावरील इंदुमतीबाई उपासनी वर आल्या. या कट्ट्यावरील वडील, जिभेच्या तिखट, आणि कुमुदबाईंच्या फार जीवाच्या. त्या म्हणाल्या, "भावजी, यंदा पंचमीचं माझ्याकडे करते. ढोकळा मागवते दुकानातून." राव बोलिले, "इथेच होईल." त्या म्हणाल्या, "आणि वड्या?" राव बोलिले, "मी करीन." इंदुमतीबाईंनी रावांकडे पाहिले, मग ओट्याकडे पाहिले, ज्यावर पाच महिन्यांत चहा आणि खिचडी यांवाचून काही जाहले नव्हते, आणि म्हणाल्या, "बरं. वड्या झाल्या तर पंचमी तुमची. नाही झाल्या तर पुढच्या सालापासून खाली माझ्याकडे, आणि मग रुसायचं नाही. कुठेतरी व्हायलाच हवी ना ती." राव बरे म्हणाले. परंतु मनात त्यांस धसका बसला, कारण या घरात आता वर्षातून तो एकच दिवस उरला होता, ज्या दिवशी पाच बायका येऊन कुमुद ऐसे नाव मोठ्याने घेणार होत्या. तो खाली गेला तर वरती काय राहिले.

मग रावांनी कन्या वैजयंती, जी लग्न होऊन दूर मुलुखी नांदत होती, तीस फोन केला. ती म्हणाली, "बाबा, वड्यांचा हट्ट कशाला? सोप्पं करा. खाऱ्या बिस्किटावर उकडलेला बटाटा कुस्करून ठेवा, वर चिंचेची चटणी नि शेव. काकडीची सँडविचेस करा, हिरवी चटणी लावून, कडा कापून, चार तुकडे. काडीला एक द्राक्ष नि एक पनीरचा तुकडा टोचा. पातळ पोह्यांचा चिवडा. झालं." राव बोलिले, "चिवड्याला एक हात पुरतो?" ती म्हणाली, "आई चिवडा कागदाच्या पुड्यांत द्यायची ना. पुडी तोंडाकडे न्यायची." राव बोलिले, "ते मी विसरलो होतो." ती म्हणाली, "मी यायला हवं होतं." राव बोलिले, "तू मुलांच्या परीक्षा बघ. वड्या कशा करायच्या तेवढं सांग." ती म्हणाली, "मला कुठं येतात? आईची वही बघा."

वहीत येणेप्रमाणे लिहिले होते. बेसन एक वाटी, आंबट ताक एक वाटी, पाणी दोन वाट्या, हळद, हिंग, मीठ, आले-मिरची वाटून. गुठळी मोडून मंद आचेवर ढवळणे. ताटाच्या पाठीवर पातळ पसरणे. वर खोबरे-कोथिंबीर, पट्ट्या कापून गुंडाळणे, मोहरीची फोडणी. एवढेच. किती वेळ ढवळणे ते नाही. जो माणूस आयुष्यभर दहा वाजून दहा मिनिटांची गाडी दहा वाजून दहा मिनिटांनी सांगत आला, त्यास वेळ लिहिली नाही याचा फार राग आला, आणि त्याने मोकळ्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटले, "वेळ कोण लिहिणार?"

शनिवारी दुपारी पहिली स्वारी जाहली. राव घड्याळ समोर ठेवून पाच मिनिटे ढवळिते जाहले आणि पीठ ताटावर पसरले, तो ते ताटावरच बसून राहिले, सोडविता सुटेना, आणि चव घेतली तो कच्चे. मग दुसरी स्वारी. या खेपेस भीती धरून वीस मिनिटे ढवळिले, आणि मग पीठ पातेले सोडून कालथ्यास गोळा होऊन बसले, पसरावयास गेले तो पसरेना, त्याचा झुणकाच म्हणावा. राव तोच रात्री भाकरीशी जेविले. डब्यात पाहिले तो बेसन बरोबर एक वाटी उरले होते, आणि खाली वाणी रविवारी बंद.

रविवारी सकाळी बाकीचे जिन्नस यथास्थित जाहले. सँडविचांचे तुकडे ओल्या फडक्याखाली ठेविले, बटाटा कुस्करिला, पण बिस्किटांवर आताच घालू नये, मऊ पडतात, हे वैजयंतीने दोनदा बजाविले होते म्हणून बाजूस ठेविला. काड्यांस द्राक्षे आणि पनीर टोचिले. चिवड्याच्या पाच पुड्या बांधिल्या, त्यांतील दोन सुटल्या, पुन्हा बांधिल्या. दुपारी साडेतीनला इंदुमतीबाई वर आल्या, ढोकळ्याच्या दुकानाचा नंबर हाताशी घेऊनच. पाहतात तो राव एक वाटी बेसनापुढे उभे. त्या म्हणाल्या, "काय, पूजा मांडली का पिठाची?" राव बोलिले, "एवढंच उरलंय. किती वेळ ढवळायचं ते तिनं लिहिलेलं नाही." इंदुमतीबाई म्हणाल्या, "ती कशाला लिहील? तिला लागतच नव्हतं." राव बोलिले, "अंदाज होता तिचा." इंदुमतीबाई म्हणाल्या, "अंदाज कसला! भावजी, तुम्हाला खरंच माहीत नाही? मी दर पंचमीला इथे दारात उभी असायची. ही ताक-बेसन गॅसवर ठेवायची आणि तुम्हाला म्हणायची, हं, वाचा आता. तुम्ही मेषपासून सुरू. तुमची मीन संपली की ही गॅस बंद करायची. घड्याळाकडे कधी बघितलं नाही तिनं. मला म्हणायची, यांचा आवाज कधी पुढेमागे होत नाही."

राव खाली बसले. त्यांस आठवले की वड्यांच्या दिवशी सकाळी ते वर्तमानपत्र उघडीत, तो बाई म्हणावयाच्या, "आज मागाहून वाचा, मी सांगते तेव्हा." त्यांस वाटावयाचे, काम आटपून निवांत ऐकावयाचे असेल. आणि आपण वाचतो म्हणून तिला त्या भविष्याची गोडी, ऐसेच बारा वर्षे ते समजत होते. इंदुमतीबाई म्हणाल्या, "उठा. तुम्ही ढवळा, मी वाचते. माझा चष्मा खाली राहिलाय, तुमचा द्या."

मग राव ढवळू लागले आणि इंदुमतीबाई रावांचा चष्मा लावून दारात खुर्ची टाकून वाचू लागल्या, आणि राव म्हणाले, "सावकाश. पूर्णविरामाला थांबा." त्या म्हणाल्या, "फलाट क्रमांक एक म्हणू का आधी?" आणि मग सावकाश वाचू लागल्या. मेष, कामात घाई नको. वृषभ, गोड बोलून कामे होतील. मिथुन, कर्क, सिंह. पिठाच्या कडेस बुडबुडा येऊ लागला. तेव्हा राव पातेल्यातून नजर न काढिता म्हणाले, "आता तूळ." इंदुमतीबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मध्ये कन्या आहे." राव बोलिले, "ती सोडा. ती मी वाचीत नाही." बाई म्हणाल्या, "केव्हापासून?" राव बोलिले, "तेव्हापासून." इंदुमतीबाईंनी पातेल्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "सोडली तर वेळ कमी पडेल, भावजी. पीठ कच्चं राहील." हे रावांस पटले, कारण हिशेब वेळेचा होता, आणि वेळेच्या हिशेबात ते कोणाचे ऐकत नसत, आपलेही नाही. ते म्हणाले, "वाचा."

इंदुमतीबाईंनी वाचिले. कन्या, घरी पाहुण्यांची वर्दळ राहील. जुन्या ओळखीतून आनंद. शक्यतो प्रवास टाळावा. इतके वाचून त्यांनी कागद खाली घेतला. कालथा तेवढा फिरत होता. मग राव बोलिले, "पुन्हा वाचा." बाई म्हणाल्या, "काय?" राव बोलिले, "तिची दोनदा वाचायची असते. तेवढा वेळ त्यात धरलेला आहे." आणि इंदुमतीबाईंनी पदराने चष्मा पुसून पुन्हा वाचिली, घरी पाहुण्यांची वर्दळ राहील, जुन्या ओळखीतून आनंद, शक्यतो प्रवास टाळावा, आणि राव पातेल्याकडे पाहत म्हणाले, "काही खरं नाही मेल्यांचं," आणि इंदुमतीबाई रडता रडता हसल्या, आणि मग तूळ, वृश्चिक, धनू, मकर, कुंभ ऐशा ओळीने आल्या, आणि मीन आली, हाती घेतलेले काम तडीस जाईल, आणि रावांनी गॅस बंद केला.

मग दोघांनी मिळून तीन ताटांच्या पाठीवर पीठ पसरिले, वाटीच्या बुडाने, पातळ. थंड जाहल्यावर खोबरे-कोथिंबीर भुरभुरली आणि पट्ट्या पाडिल्या. पहिली पट्टी गुंडाळू लागले ती फाटली. राव मागे सरले. इंदुमतीबाई म्हणाल्या, "पहिली तिचीही फाटायची. ती तोंडात टाकायची आणि पुढे जायची." रावांनी ती तोंडात टाकिली. दुसरी पट्टी कडेने उचलली आणि ती आपली आपण गुंडाळत गेली, जशी सतरंजीची वळकटी व्हावी तशी, आणि मग तिसरी, मग चौथी, मग मोजले नाही.

पाच वाजता कट्टा वर आला. बिस्किटे ऐनवेळी मांडिली ती कुरकुरीत राहिली. सँडविचे गेली, काड्या गेल्या, चिवड्याच्या पुड्या तोंडाकडे नेताना एकीच्या मांडीवर अर्धी सांडली तिचा बराच उपहास जाहला. वड्यांचे ताट आले तेव्हा मात्र बोलणे थांबले. एकीने एक उचलली, खाल्ली, दुसरी उचलली आणि म्हणाली, "मीठ अंमळ जास्त आहे." दुसरी म्हणाली, "कुमुदचंही जास्तच पडायचं. आपण बोलायचो का कधी?" तिसरी म्हणाली, "मी बोलले होते एकदा. दोन दिवस कट्ट्यावर माझ्याशेजारी बसली नाही." मग सगळ्या हसल्या, आणि मग कुमुद अशी, कुमुद तशी, ऐसे दिवेलागणीपर्यंत चालिले, आणि एका हातात वडी आणि दुसरा हात हवेत, आणि राव खुर्ची दाराशी घेऊन ऐकत बसले. निघताना इंदुमतीबाई जिन्यातून म्हणाल्या, "पंचमी तुमची. पण पुढच्या वर्षी मीठ मी बघणार." राव बोलिले, "मीठ आहे तेवढंच राहील."

सारांश हा की, ते साली पंचमीचा दरबार तिसऱ्या मजल्यावरून हलला नाही, वडी एकही उरली नाही, आणि वहीत त्या पानावर रावांनी आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली, की ढवळण्यास वेळ बारा राशी, कन्या दोनदा. सोमवारी सकाळी त्यांनी खुर्ची दाराशी टाकिली, गॅसवर काही नव्हते, आणि मेषेपासून वाचीत गेले, आणि कन्येशी आले तेव्हा थांबले नाहीत, वाचिली, आणि मग नेहमीच्या चालीने पुन्हा वाचिली.