काट्यावरचा ट्रेलर

"तुझी गाडी हा ट्रेलर ओढणार नाही," ऑर्विन ट्वेटन पावाला लोणी लावत म्हणाला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रेलर दिसत होता. सोळा फूट लांबीची, दोन चाकांवर उभी असलेली पांढरी खोलीच ती. आत पलंग, शेगडी, टेबल, बसायला बाक, आणि आर्डिसने स्वतः शिवलेले पिवळे पडदे.

"अजून जोडलासुद्धा नाहीस. मग कळलं कसं?" आर्डिसने विचारलं.

"बघितलं की कळतं."

"बघून तर तू शेजारच्या लव्हॉनच्या मुलीला जुळं होणार असंही सांगितलं होतंस."

"पोट तेवढं दिसत होतं."

"एकच झालं, ऑर्विन."

तीन आठवड्यांपूर्वी त्याने बायकोला न विचारता हा ट्रेलर आणला, तेव्हा आर्डिस काही बोलली नव्हती. उलट तिला बरंच वाटलं. पडदे शिवून होईपर्यंत टेबलावर एका पिकअपचं रंगीत चित्रपुस्तक येऊन पडलं. चार दारांची, गडद लाल, डिझेलवर चालणारी. मग तिच्या ध्यानात आलं की नवऱ्याने आधी बटण आणलंय, आणि आता तो त्या बटणाला शोभेल असा कोट बेतायला निघालाय.

नॉर्डालची वस्ती चारशे, आणि पिकअप नसलेला पुरुष एकच. ऑर्विनने छत्तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रांची आणि पार्सलांची वजनं केली. घर कचेरीच्या समोर. त्याला पिकअप लागलीच नाही. पण रोज सकाळी धान्याच्या सहकारी कोठारात कॉफीला जमणाऱ्या मंडळींत तो बायकोच्या छोट्या निळ्या गाडीतून जायचा, आणि गहू पिकवणारा हार्लन रोज विचारायचा, "काय रे, आज सोडलं का बाईंनी?" हार्लनला दुसरा विनोद येत नव्हता. ऑर्विनला मात्र तो रोज नवा लागायचा.

दोन गाड्या ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. पिकअप आली की निळी गाडी जाणार, हे ठरलेलं. आर्डिस पाच फुटांची. दुकानात पिकअप दाखवायला नेलं तेव्हा तिथल्या विक्रेत्याने तिला पोत्यासारखं उचलून आत बसवलं, आणि बसल्यावर तिला समोरच्या काचेतून फक्त आभाळ दिसलं. ती चालवणं तिला जमणारं नव्हतं. दर गुरुवारी ती एकटी सत्तर मैल गाडी हाकत फार्गोला बहिणीकडे जायची. दोघी पत्ते खेळायच्या, बिटाचं लोणचं खायच्या, आणि घरी कधी निघणार असं कुणी विचारत नसे. पिकअप आल्यावर ऑर्विन तिला सोडायला येणार, आणि बहिणीच्या कोचावर बसून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणार.

ती उठली, गाडीतलं माहितीपुस्तक घेऊन आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"साडेतीन हजार पौंडांपर्यंत ओढते. छापलंय."

"आणि ट्रेलर त्याहून जड आहे."

"वजन करू. कोठारात धान्याच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर. तळ्यावर न्यायचं सगळं सामान भरून. साडेतीन हजाराच्या वर गेलं तर तुझी पिकअप. खाली राहिलं तर माझी गाडी, आणि पिकअप हा शब्द या घरात पुन्हा नाही."

"शनिवारी," ऑर्विन म्हणाला. विक्रेत्याने ती लाल पिकअप शनिवार संध्याकाळपर्यंत त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

दोघांनी मिळून सामान भरलं. भांडी, खुर्च्या, अंथरुणं, गळ, डबाबंद खाणं, गॅसच्या दोन टाक्या. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

शुक्रवारी दुपारी आर्डिस केस कापायला गेली, आणि ऑर्विनला शंका यायला लागल्या. कदाचित वजन जेमतेम होईल. जेमतेम झालं तर? त्याची नजर तळघराच्या दाराकडे गेली. नॉर्डालच्या विहिरींचं पाणी जड. घरोघरी पाणी मऊ करायचं यंत्र असतं आणि त्यात मीठ घालावं लागतं. मिठाची दहा पोती खाली रचलेली होती, एकेक बरोबर चाळीस पौंडांचं. ऑर्विन चर्चच्या विश्वस्त मंडळावर होता, त्यामुळे त्याने आधी स्वतःची नीट समजूत घातली. तळ्याकाठचं पाणीही जड असू शकतं. मग हातगाडीवरून एकेक पोतं नेऊन त्याने दहाही पोती ट्रेलरच्या बाकाखालच्या कप्प्यात बसवली आणि कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून आडवा झाला.

पाच वाजता तो चर्चच्या बैठकीला गेला. आर्डिस चादरी ठेवायला ट्रेलरमध्ये शिरली आणि तिने बाकाचं झाकण उचललं. पोत्यांकडे थोडा वेळ बघितलं. एक उचलून पाहिलं. ते हललं नाही. तिने झाकण लावलं आणि शेजारच्या लव्हॉनला हाक मारली.

"चारशे पौंड मीठ?" लव्हॉन म्हणाली. "काय गं बाई, मीठ चाटणारी हरणं पाळणार आहे का तो?"

"पिकअप पाळणार आहे."

"मग भांड ना त्याच्याशी. तोंड आहे ना तुला?"

"भांडले तर तो म्हणेल, तळ्यावर लागेल. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलीय त्याने. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कारण असतं."

"मग पोती बाहेर काढू."

"एक तर ती आपल्याला उचलवत नाहीत. आणि सकाळी तो मोजून बघणार." आर्डिसने इकडेतिकडे पाहिलं. "जे उचलवतंय ते काढू."

लव्हॉनने न्हाणीघरातला वजनाचा काटा आणला. दोन गाद्या गेल्या. टेबलाचे स्क्रू काढून टेबल गेलं, आणि त्याच्या जागी रचलेल्या रिकाम्या खोक्यांवर टेबलाचंच कापड आलं. गॅसच्या टाक्या गेल्या, त्यांच्यावरचं झाकण तेवढं जागेवर राहिलं. बॅटरी, खुर्च्या, लोखंडी तवे, डबाबंद खाण्याची खोकी, सगळं वजन करकरून लव्हॉनच्या गॅरेजमध्ये गेलं. पलंगाच्या फळीवर रिकामी खोकी पालथी घालून आर्डिसने त्यावर रजई अशी ताणून बसवली की बघणाऱ्याला झोप यावी.

"चारशे झाले," लव्हॉन धापा टाकत म्हणाली.

"अजून दहा. पाट्यावरवंट्यासारखी ती किटली पण घे."

शनिवारी सकाळी ऑर्विनने गुपचूप बाकाचं झाकण उचललं. दहा पोती. तो समाधानाने बाहेर आला आणि दार ओढून घेतलं.

काट्यापाशी चौघेजण कॉफीचे पेले घेऊन उभेच होते. नॉर्डालमध्ये शनिवारी एवढंच घडणार होतं. निळी गाडी ट्रेलर ओढत आली, ट्रेलर काट्यावर सोडला, गाडी पुढे नेऊन लावली. कोठाराच्या खिडकीच्या आत काटा वाचणारा ड्वेन बसला होता. एकतीस वर्षं गावातला प्रत्येक दाणा त्याच्या डोळ्यांदेखत तोलला गेला होता.

"तीन हजार चारशे ऐंशी," ड्वेन म्हणाला.

आर्डिसने पर्स बंद केली.

"परत बघ," ऑर्विन म्हणाला.

"चारशे ऐंशी. थांबलाय काटा."

"तो चुकतोय."

ऑर्विन हे वजनं करणाऱ्या माणसाच्या सवयीने बोलून गेला. छत्तीस वर्षं लोक त्याच्या काट्यावर विश्वासून होते. पण गव्हाची कापणी सोमवारपासून सुरू होणार होती, आणि काट्याजवळ उभे असलेले चौघेही शेतकरी होते. हार्लनने पेला खाली ठेवला.

"कुठल्या बाजूला चुकतोय, ऑर्विन?"

"कमी दाखवतोय."

"किती कमी?"

ऑर्विनने मनात दहा पोत्यांचा हिशेब केला आणि जीभ चावायच्या आत बोलून बसला. "चारशेच्या आसपास."

हार्लनने कोठाराच्या उंच भिंतीकडे पाहिलं, जणू त्याचा तीस वर्षांचा गहू तिथून त्याच्याकडे बघत होता.

"म्हणजे माझ्या प्रत्येक खेपेला चारशे पौंड," तो सावकाश म्हणाला.

"माझ्यासुद्धा," दुसरा म्हणाला.

"ऑर्विनला वजनातलं कळतं," तिसरा म्हणाला. "तो उगाच बोलणार नाही."

ड्वेन बाहेर आला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. "मी कधी कुणाचा दाणा खाल्ला नाही," तो म्हणाला. "पण तुम्हाला तसं वाटत असेल तर राज्याचा तपासनीस बोलावतो. तो येईपर्यंत काटा बंद."

"तपासनीस यायला दोन आठवडे लागतात," हार्लन म्हणाला. "गहू काय खिशात ठेवू?"

"मी हे नव्हतो म्हणत," ऑर्विन म्हणाला.

"मग काय म्हणत होतास?"

ट्रेलरचं वजन किती भरायला हवं हे ऑर्विनला कसं माहीत, हे सांगायचं तर बाकाचं झाकण उघडावं लागलं असतं. तो बुटांकडे बघत राहिला. ड्वेन आत गेला आणि खिडकीत लावायची 'बंद'ची पाटी शोधू लागला. पाटी एकतीस वर्षांत कधी लागली नव्हती, त्यामुळे ती सापडत नव्हती. एकामागून एक खण उघडल्याचा आवाज बाहेर येत होता.

आर्डिस निळ्या गाडीला टेकून उभी होती. ती जिंकली होती. नुसतं गप्प राहायचं, गाडीत बसायचं आणि गुरुवारी फार्गोला जायचं. तिने सहा खणांचे आवाज ऐकले. सातव्याला ती पुढे आली.

"ड्वेन, पाटी राहू दे. काटा बरोबर आहे. मी सामान काढलंय."

"कसलं सामान?" ऑर्विनने विचारलं.

"गाद्या, टेबल, टाक्या, बॅटरी, खुर्च्या. लव्हॉनच्या गॅरेजमध्ये आहे सगळं. चारशे दहा पौंड. मला गाडी ठेवायची होती."

चौघांनी पेले तोंडाला लावले, कारण कुठे बघावं हे कुणाला समजेना. ड्वेनने खिडकीतून मान बाहेर काढून पावतीच्या पाठीवर आकडे मांडले.

"म्हणजे तीन हजार आठशे नव्वद. साडेतीन हजाराच्या बरंच वर."

"मिळाली की रे तुला पिकअप," हार्लन म्हणाला.

ऑर्विन बायकोकडे बघत होता. टेबल बाकाला लागूनच होतं. टेबलाचे स्क्रू काढणाऱ्या माणसाने बाकाचं झाकण उघडलं नसेल, हे शक्य नव्हतं. तिने सगळं सांगितलं, आणि त्याचं तेवढं सांगितलं नाही. आता नुसतं गप्प राहायचं, दुकानात जायचं आणि लाल पिकअप घेऊन यायची. आर्डिस मात्र गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती, आणि बोटांनी तिथली धूळ पुसत होती.

"मीठ आहे," ऑर्विन म्हणाला.

"काय?"

"आत. बाकाखाली. दहा पोती."

"चर्चचा विश्वस्त," हार्लन कुणाकडेही न बघता म्हणाला.

"चाळीस पौंडांची?" ड्वेनने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला होता. "वरती वजन छापलंय? मग उतरव. एकेक. मी आकडा वाचतो."

ऑर्विनने एकेक पोतं काढून काट्याच्या बाहेर नेऊन ठेवलं. मदतीला कुणी पुढे आलं नाही. सगळ्यांच्या हातात कॉफी होती. दर पोत्यामागे ड्वेन मोठ्याने वाचत होता, आणि काटा दर वेळी बरोबर चाळीस पौंडांनी उतरत होता. दहाव्या पोत्याला ड्वेनचा आवाज जवळजवळ गाण्यासारखा झाला.

"तीन हजार ऐंशी. त्यात आर्डिसचे चारशे दहा मिळवले की तीन हजार चारशे नव्वद. हे खरं वजन."

"म्हणजे आम्ही दोघांनी काहीच केलं नसतं तर?" ऑर्विनने कंबर धरून विचारलं.

"तर दहा पौंडांनी आर्डिस जिंकली असती. आणि मला पाटी शोधावी लागली नसती."

तेवढ्यात आत फोन वाजला. पिकअपच्या दुकानातून होता. शनिवारच्या वजनाची बातमी तिथवर पोचली होती. ड्वेनने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाही, त्यांना नको आता. हो, नक्की. मीठ आहे भरपूर, पाहिजे असेल तर."

आर्डिसने गाडी मागे घेतली आणि ट्रेलर एका दमात जोडला. तिचं बालपण बापाच्या शेतात ट्रॅक्टरमागे बटाट्याच्या गाड्या लावण्यात गेलं होतं.

"मीठ माझ्या ट्रेलरमध्ये परत नको," ती खिडकीतून म्हणाली. "ते तू आण." आणि गेली.

मग हार्लनने आपल्या पिकअपमध्ये पोती टाकली, वर ऑर्विनला बसवलं आणि घरी आणलं. निळी गाडी अंगणात नव्हती. पुढच्या वळणावर पिवळे पडदे मुख्य रस्त्याला लागताना दिसले.

"कुठे चालली ती?" ऑर्विन म्हणाला.

"गाद्या नाहीत आत," हार्लन म्हणाला. "येईल संध्याकाळपर्यंत." त्याने पोती अंगणाच्या तोंडाशी उतरवली आणि आपल्या गव्हाकडे गेला.

ऑर्विन पोत्यांवर बसून राहिला. तासाभराने आर्डिस आली. गाडी थांबवून तिने काच खाली केली.

"चांगली ओढते," ती म्हणाली. "चढावर थोडी कुरकुरली, पण ओढली."

"बरं झालं."

"मला मागे घ्यायचंय. ते मीठ जरा बाजूला कर."

ऑर्विन उठला, आणि त्याने पहिलं पोतं उचललं.