कधीपर्यंतचा रकाना

नव्या दूधवाल्याने पहिल्या दिवशी देवधरसाहेबांच्या क्वार्टरची बेल वाजवली, तेव्हा आतून चार प्रश्न आले. "कौन? कहाँ से? किसलिए? कब तक?" दूधवाला भोपाळच्या करोंद भागातला, चांगलाच खमका. म्हणाला, "करोंद से दूध लाया हूँ साब. फटने तक." साहेबांनी दार उघडलं आणि पुढे कायम त्याच्याकडूनच दूध घेतलं. "मुदत सांगणारा माणूस आहे," असं ते आदराने म्हणायचे.

समोरच्याच क्वार्टरात मी राहते, म्हणून हे सगळं कानावर पडलं. पत्नी गेल्यापासून साहेब एकटेच असत. कारखान्यात मी डिझाइन विभागात आणि ते संगणक विभागात, फायरवॉलचे, म्हणजे कारखान्याच्या नेटवर्कच्या वेशीचे, राखणदार. बाहेरगावाहून कारखान्याच्या संगणकावर काम करायचं तर इंटरनेटमधून एक कुलूपबंद बोगदा काढावा लागतो. त्या बोगद्यातून कोणी यायचं आणि आत आल्यावर कुठल्या संगणकापर्यंत जायचं, याचे नियम साहेब लिहीत. असे शेकडो नियम त्यांना तोंडपाठ होते. मला माझ्या भाच्यांची नावं एका दमात आठवत नाहीत.

नियम मशीनमध्ये घालण्याआधी ते एका जाड रजिस्टरमध्ये लिहायचे. कोण, कुठून, कशासाठी, कधीपर्यंत, असे चार रकाने. चौथ्यात तारीख नसेल तर अर्ज परत. मुदत संपली की नियम बंद, आणि ज्याच्यासाठी उघडला होता त्याने समक्ष येऊन सही करायची. बदली होऊन गेलेल्या माणसालाही ते सहीसाठी गाठत. लोक मागून हसायचे. मीही हसले आहे.

एकदा बाहेरचे सल्लागार आले आणि त्यांनी अर्जात सगळीकडे 'एनी' लिहिलं. म्हणजे कोणीही, कुठूनही, कुठेही. साहेबांनी चष्मा काढला. "आमच्या धंद्यात ही शिवी आहे," ते म्हणाले. जनरल मॅनेजरांचा फोन आला, "देवधरजी, खोल दीजिए ना, अपने ही लोग हैं." साहेब तितक्याच नम्रपणे म्हणाले, "जी सर. कौन-कौन अपने हैं, लिखकर दे दीजिए." तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी सल्लागारांना नेमका एक संगणक मिळाला, आठ दिवसांसाठी. जनरल मॅनेजरांना मी आजवर कधी 'नाही' म्हटलेलं नाही. त्या दिवसापासून माझं हसणं बंद झालं.

मग नागपूरला माझे बाबा अंथरुणाला खिळले. त्यांचं करायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि माझी रजा संपली होती. वरिष्ठ म्हणाले, तिकडून ड्रॉइंग्ज करत असाल तर आमची हरकत नाही, पण बोगद्याचं देवधरांना विचारा. बाबा की नोकरी, हे आता त्या रजिस्टरवर ठरणार होतं. मी अर्ज घेऊन गेले. चौथा रकाना कोरा होता.

"कधीपर्यंत?" साहेबांनी विचारलं.

"मला कसं सांगता येईल, साहेब?"

त्यांनी अर्ज परत न करता रजिस्टरवर ठेवला. "ठीक आहे. रोज पाचला फोन करून विचारीन. हवं म्हणालात तर दुसऱ्या दिवसापुरतं चालू ठेवीन."

आणि खरंच, रोज पाचच्या ठोक्याला फोन. बाबांना पेज भरवत असले तरी फोन. "उद्या हवंय?" "हवंय." "बाबा कसे आहेत?" "तसेच." मला राग यायचा. मरणाला टेकलेल्या माणसाच्या घरी कोणी असं रोज मुदत विचारतं का? पण पुढेपुढे पाच वाजायला आले की मी फोन जवळ घेऊन बसू लागले. दिवसभरात तेवढंच कोणी विचारायचं.

बाबा गेले, त्या दिवशीही पाचला फोन आला. "आता नको, साहेब," मी म्हटलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

तेरावं करून भोपाळला परतले आणि पहिल्याच दिवशी सहीसाठी गेले. साहेबांनी पान उघडून रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. माझा नियम पहिल्या दिवशी, एकदाच लिहिलेला होता. चौथ्या रकान्यात त्यांच्या सुबक अक्षरात होतं, 'वडील आहेत तोपर्यंत.' वर-खाली सगळीकडे तारखा.

मला सही करता येईना. "मग तो रोजचा फोन कशाला होता, साहेब?"

साहेब पेनाचं टोपण लावत-काढत राहिले.

"तुम्ही फोन उचललात की मागून बाबांचा आवाज यायचा. कोण आहे गं, म्हणून. तुम्ही सांगायचात, देवधर आहेत." त्यांनी टोपण बंद केलं. "मी जन्मभर लोकांना 'कोण' विचारत आलो, बाई. मी कोण, हे विचारणारं माझ्या घरी कोणी नाही."

मी सही केली. संध्याकाळी पाचला त्यांच्या क्वार्टरची बेल वाजवली. आतून आवाज आला, "कौन?"