पेटीच्या भावात पंप

आमचे चुलतबंधू हेरंब यांचा ट्रक १९९४ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी, अकोट्याला घरासमोरच बंद पडला. टाकीतले डिझेल ओढून इंजिनाला पुरवणारा पंप निकामी झाला होता. ट्रक बंद पडण्यात विशेष काही नाही. आमच्या घराण्यात ट्रक असणे, हेच मुळात विशेष. पणजोबा संस्थानच्या खासगी खात्यात, आजोबा मुलकी कचेरीत, बाकीचे वडीलधारे पेन्शनीत. अशा कुळात हेरंबने कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि हाती आलेल्या रकमेत जुना ट्रक घेतला! देश मोकळा झाला, तसा हाही मोकळा झाला, दुसरे काय.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्याचा माल मुंबईला नेण्याचे काम त्याला नुकतेच मिळाले होते. सोमवारी सकाळी ट्रक फाटकाशी लागला नाही, तर काम दुसऱ्याला जाणार होते. घरात मिळवता तो एकटाच.

कनुभाई मिस्त्रीने बॉनेट उघडून पाहिले. “हेरंबभाई, पंप गयो. नवो नाखी दो, सांजे गाडी चालू.”

दुकान प्रतापनगरला होते. हेरंबने चपला घातल्या. पण जाताजाता पाणी प्यायला म्हणून आत आला आणि तिथेच घात झाला.

“कुठे निघालास?” कुसुमावतीकाकूंनी विचारले.

“पंप आणायला.”

“केवढ्याला?”

हेरंबने किंमत सांगितली. काकूंचा गहू निवडणारा हात थांबला. “एका नगाला? अरे हेरंबा, आपल्याकडे एक नग कधी कुणी आणलाय का?”

हे खरे होते. आमच्याकडे वर्षाचे गहू, तूरडाळ, शेंगतेलाचे डबे, हापूसच्या पेट्या, सगळे घाऊक येते. नात्यातली सारी घरे मिळून माल उचलतात, काकूंच्या ओसरीवर वाटे पडतात आणि कुणाला काय भाव पडला, यावर पुढचे सहा महिने समाधानात जातात. किरकोळ घेणाऱ्या माणसाला आम्ही तोंडावर काही म्हणत नाही. पण त्याच्या घरी मुलगीही देत नाही.

संध्याकाळी बैठक बसली. अध्यक्षस्थानी हिशेबखात्यातून निवृत्त झालेले जयवंतरावकाका; चिटणीस अस्मादिक. चौकशीअंती असे निष्पन्न झाले, की अहमदाबादचा एक व्यापारी तोच पंप एकतृतीयांश भावात देतो. अट एवढीच, की अख्खी पेटी घ्यावी. पेटीत बारा पंप.

“काका, मला एकच हवाय हो,” हेरंब म्हणाला.

“पंप तुला एकच हवाय. भाव सगळ्यांना हवाय.”

नातलगांना फोन गेले. वाटा नको, असे एकही घर म्हणाले नाही. ट्रक कुणाकडेच नव्हता. प्रतापसिंहरावांकडे तर सायकल आहे. त्यांनी दोन पंप मागितले. “असू दे रे घरात. पुन्हा या भावात मिळायचा नाही,” ते म्हणाले. पेटी तासाभरात खपली. गव्हालासुद्धा इतका उत्साह आम्ही कधी पाहिला नव्हता.

आता रोकड. आमच्या प्रथेप्रमाणे वाट्याचे पैसे माल हाती पडल्यावर, तोही पारखून झाल्यावर देतात. व्यापाऱ्याला मात्र आगाऊ हवे होते, आणि हेरंबकडचे पैसे एकाच पंपापुरते होते. जयवंतरावकाकांनी चष्मा पुसला.

“ट्रक सध्या बंद आहे. बंद मालमत्तेत भांडवल अडकवून ठेवणं आजच्या धोरणाशी विसंगत आहे. दिल्लीत काय चाललंय, वाचता ना पेपरात? ट्रकची निर्गुंतवणूक करावी.”

“अहो, पण ट्रकच विकला तर पंप बसवायचा कुठे?” हेरंबची बायको निरुपमा दारातून म्हणाली.

“तो दुसऱ्या टप्प्यातला विषय आहे, सूनबाई,” काका म्हणाले. मी तशी नोंद केली आणि काकूंनी चिवडा आणला.

शनिवारी सयाजीगंजच्या चंपकभाईंनी ट्रक घेतला. बंद गाडी म्हणून भाव पाडूनच घेतला. कनुभाईला बोलावून प्रतापनगरच्या दुकानातून पंप आणवला, एक नग, पुऱ्या किमतीत! संध्याकाळी ट्रक आमच्याच दारातून धूर सोडत निघून गेला. “चंपकभाई लुटला गेला बिचारा,” काकू हळहळल्या. आम्हा सगळ्यांनाच फार वाईट वाटले. सोमवारी तोच ट्रक मकरपुऱ्याच्या फाटकाशी वेळेवर उभा होता.

गुरुवारी पेटी आली. पंप उत्तम होते, नाव ठेवायला जागा नाही. काकूंनी प्रत्येक पंपाला हळदकुंकू लावले. निवडीचा पहिला मान हेरंबला दिला; शेवटी त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. त्याने एक पंप उचलला, मांडीवर घेतला आणि ओसरीच्या पायरीवर बसून राहिला.

“काका, मला रडू येतंय.”

“साहजिक आहे,” काका गहिवरून म्हणाले. “इतक्या स्वस्तात वस्तू मिळाली की येतंच.”

निरुपमा तरातरा आत निघून गेली. त्या दिवशी तिने कुणाला चहासुद्धा विचारला नाही. शिक्षण आहे, पण वळण नाही.

हेरंब हल्ली चंपकभाईंच्या पेढीवर मालाच्या पावत्या फाडतो. स्वतःच्याच ट्रकच्या पावत्या. सराव आहे म्हणून हात चटकन चालतो. बाकीचे पंप सुस्थळी पडले आहेत. प्रतापसिंहरावांच्या मुग्धाच्या रुखवतात एक मांडला होता, मोत्यांच्या तोरणाशेजारी. व्याह्यांनी तो उचलून वजन पाहिले आणि खूश झाले. माझा दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. येणारा प्रत्येक जण तो हातात घेतो, उलटासुलटा करतो आणि विचारतो, “केवढ्याला पडला?” भाव ऐकला, की आपल्याला आधी का नाही कळवलंत, म्हणून रुसतो. पंपाचे करता काय, किंवा हेरंबचे पुढे काय झाले, हे आजवर कुणीही विचारलेले नाही.

तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही जाणते वाचक. म्हणून पंपाची किंमत मी या कथेत कुठेही लिहिलेली नाही. पण खरे सांगा, मघापासून तुम्ही तीच शोधताय ना?