सासऱ्यांची धूरटोपी

'आमची टोपी धूर अडवते, हा दावा दिशाभूल करणारा होता. कृपया टोप्या परत कराव्यात,' हा कंपनीचा निरोप मोबाईलवर वाचला आणि जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. आग लागली की डोक्यावरून गळ्यापर्यंत ओढायची, समोर काच आणि नाकापाशी गाळणी असलेली ती टोपी त्याने गेल्याच महिन्यात सासऱ्यांना भेट दिली होती. लग्नानंतर इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला शाबासकी दिली ती त्या एकाच दिवशी.

"सरळ सांगून टाका ना बाबांना," बायको म्हणाली.

"आणि होती नव्हती ती अब्रू घालवू? गुपचूप घेऊन येतो."

पण सासऱ्यांच्या घरात अख्खा मजला जमला होता. गॅसवर तव्यात सुक्या मिरच्या जळत होत्या आणि सासरे टोपी चढवून स्वयंपाकघरात शिरत होते.

"या जावईबापू! तुमच्या टोपीचं प्रात्यक्षिक दाखवतोय सगळ्यांना."

"बाबा, नको! म्हणजे... तुम्हाला ब्लडप्रेशर आहे."

"अहो, टोपी आहे ना!" दार धाडकन लागलं.

मिरच्यांचा ठसका दाराच्या फटीतून बाहेर आला. शेजारी खोकत खिडक्यांकडे धावले. जावयाचा जीव टांगणीला लागला. शाबासकी गेली खड्ड्यात, आत म्हातारा माणूस गुदमरतोय!

"बाबा, बाहेर या! ती टोपी—"

तो दाराशी पोचेपर्यंत दार उघडलं. सासरे टोपीसकट ताठ चालत आले आणि त्यांनी अंगठा वर केला. शेजाऱ्यांनी खोकत खोकत टाळ्या वाजवल्या.

सासऱ्यांनी जावयाला दंडाला धरून बाथरूममध्ये नेलं, कडी लावली, नळ सोडला आणि टोपी काढली. डोळे लालबुंद, नाक वाहतंय आणि खोकल्याची उबळ काही थांबेना.

"कसली फडतूस टोपी हो ही!"

"मग लगेच बाहेर का नाही आलात?"

"चारचौघांत जावयाचं नाक कापू?" तोंडावर पाणी मारत सासरे म्हणाले.

जावयाला एकदम भरून आलं. "बाबा, मला तुम्हाला खरं म्हणजे—"

"ते नंतर. आता सगळे तुमच्याकडे टोप्या मागतील. मारा एखादी थाप. म्हणावं, कंपनीनं सगळा माल परत मागवलाय."

जावयाने बाहेर येऊन तसंच सांगितलं. शेजाऱ्यांचा विश्वास बसेना, तेव्हा त्याने मोबाईलवरचा निरोपही दाखवला.

सासरे मागून डोकावले. "एवढ्यात निरोपसुद्धा तयार केलात?" ते त्याच्या कानाशी कुजबुजले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "जावईबापू, आम्ही तुम्हाला साधे समजत होतो. तुम्ही तर भलतेच पोचलेले निघालात!"

ही दुसरी शाबासकी होती. जावयाने ती निमूटपणे घेतली.