यमुआत्याचा उतारावरचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, वर्षाचे सात महिने बर्फ पडायचा आणि उरलेले पाच महिने त्या बर्फावर चर्चा चालायची. जंगल होते डोंगरात, खूप खूप उंचावर. किती उंच, ते विचारू नका. मलाही तिथे जाताना धाप लागते.

तिथे यमुआत्या नावाची एक म्हातारी रानशेळी राहायची. तिच्याकडे एकच काम होते. रोज सकाळी मोठ्या उताराच्या कडेला जायचे, बर्फात गळ्याइतका खोल खड्डा खणायचा आणि त्यातले थर बघायचे. मग वरून खुराने दहा वेळा थोपटायचे. काही हलले नाही तर देवदाराच्या फांदीला हिरवे फडके. शंका आली तर पिवळे. थर घसरला तर लाल.

त्या हिवाळ्यात खालचा बर्फ रव्यासारखा सुटा होता आणि वरचा वडीसारखा घट्ट. आत्याने नुसते थोपटले की वडी रव्यावरून सुर्रकन घसरायची. एकवीस दिवस लाल फडके उतरलेच नाही. आत्या भेटेल त्याला सांगायची की उतारावर घोळक्याने जाऊ नका, तुमच्याच वजनाने सगळा उतार खाली येईल. प्राणी माना डोलवायचे. ती कला तुम्हालाही येते, मी बघतोय.

बाविसाव्या दिवशी हिमबिबट्या महाराजांनी सभा भरवली. ढमेराव याक बोलायला उठला. हा जंगलातल्या समस्त समारंभांचा संयोजक. कुणाला नवे शिंग फुटले तरी याने मांडव घातलाच म्हणून समजा. ढमेराव म्हणाला की एकवीस दिवस आत्यांनी धोका सांगितला आणि एकवीस दिवसांत काहीच झाले नाही. म्हणजे आत्यांनी सांगितल्यामुळेच धोका टळला. एवढ्या मोठ्या कार्याचा सत्कार नको का करायला?

सगळ्यांना ते एकदम पटले. खोटे कशाला बोलू, क्षणभर मलाही पटले.

"सत्कार करायचा कुठे?" महाराजांनी विचारले.

"उतारावरच," ढमेराव म्हणाला. "ज्याचे त्याचे कार्यक्षेत्र, महाराज. शोभून दिसते."

यमुआत्या धडपडत उभी राहिली. "धोका टळलेला नाही, ढमेराव. तो तिथेच बसलाय. तुम्ही सगळे कधी येता त्याची वाट बघतोय."

सभेने टाळ्या वाजवल्या. सत्कारमूर्तीने नको नको म्हणायचेच असते, असा त्या जंगलाचा रिवाज होता. जितके जास्त नको म्हणाल तितके तुम्ही थोर. आत्याने पुन्हा नको म्हटले, तेव्हा सत्काराच्या साध्या शालीची गरम शाल झाली. ती रडकुंडीला आली, तेव्हा महाराजांनी मानपत्रही जाहीर केले. शेवटी बिचारी घाबरून गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अख्खे जंगल उतारावर लोटले. साठ याक आले. शेळ्या-मेंढ्या आल्या आणि महाराजांच्या शेजारीच बसल्या, कारण समारंभात कुणी कुणाला खात नाही. अस्वलांना लेझीम खेळायला खास झोपेतून उठवले होते. ती डोळे मिटूनच उड्या मारत होती. ऊन मस्त पडले होते. खरेच सांगतो, फार रंगला होता कार्यक्रम.

महाराजांनी आत्याच्या खांद्यावर शाल घातली. त्याच वेळी तिच्या खुराखाली बर्फाच्या पोटातून "धप्प" असा आवाज आला. पोकळ, जडसा. हा आवाज तिने आयुष्यात एकदाच ऐकला होता. त्या दिवशी तिची दोन भावंडे बर्फाखाली गेली होती.

ढमेरावाने भाषणासाठी तिच्यापुढे कर्णा धरला. आत्याने समोर पाहिले. पळा म्हटले, तर हे टाळ्या वाजवणार. रडले, तर दुसरे मानपत्र देणार. बरे, सगळे घाबरून एकदम पळालेच, तर त्या धावपळीनेच उतार कोसळणार. आत्या जन्मात कधी खोटे बोलली नव्हती. ती कर्ण्यात अगदी सावकाश म्हणाली, "बाजूच्या कातळावर पंगत मांडली आहे. गरम जिलबी आहे. एकेकाने अंतर ठेवून जायचे. पाय आपटेल त्याला वाढणार नाहीत."

आणि काय सांगू बाळांनो. साठ याक चवड्यांवर चालत गेले. अस्वलांनी श्वास रोखून धरला. स्वतः महाराज शेपटी उचलून, जपून जपून निघाले. मागच्याने पुढच्याला ढकलले नाही. त्या जंगलात अशी शिस्त कुणी पाहिली नव्हती.

सर्वांत शेवटी आत्या कातळावर चढली. तेवढ्यात उतारावर आडवी भेग धावली आणि मांडव, ढोल, लेझीम, मानपत्र सगळे घेऊन बर्फ गडगडत दरीत गेला. पांढरी धूळ बसायला बराच वेळ लागला.

"जिलबी कुठे आहे?" ढमेरावाने विचारले.

लगेच तिथल्या तिथे सभा भरली. जेवणाच्या बाबतीत जनतेची घोर फसवणूक केली म्हणून यमुआत्याला कामावरून काढण्याचा ठराव आला. महाराज म्हणाले, बाजूने असतील त्यांनी खूर वर करावा. खूर वर झाले. अस्वलांनी पंजे वर केले. आत्याने भराभर मोजले, मग पुन्हा एकदा सावकाश मोजले.

एकही कमी नव्हता. आत्याला इतका आनंद झाला की तिने स्वतःचाही खूर वर केला.

तात्पर्य: खरे सांगणाऱ्याला शाल मिळते, तिची काळजी नसावी. पण ज्याला लोकांचे प्राणच वाचवायचे आहेत, त्याने आधी जिलबी तळून ठेवावी.