कुरव पक्ष्यांचे नैसर्गिक छायाचित्रण

२०१७ च्या डिसेंबरात चिंचणीच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे छायाचित्रण सुरळीत व्हावे म्हणून समिती नेमण्यात आली. पक्षी नेहमीचेच, पांढरे-करडे, हिवाळाभर पाण्याच्या कडेला बसणारे; पण समितीशिवाय त्यांचे फोटो काढणे बरे दिसले नसते. अध्यक्ष नविनभाई, कारण त्यांच्याकडे हातभर लेन्स होती. मी कोणाला उलटून बोलत नाही, म्हणून सचिव मी.

पहिल्याच पाहणीत दोष सापडला. प्रत्येक फोटोत कुरवांच्या मागे बांबूंवर बायजा कोळणीचे बोंबील वाळत होते.

"मावशी, हे बांबू काढा. फ्रेम बिगडते," नविनभाई म्हणाले.

"आन् बोंबील वाळवू कुठं? तुमच्या लेन्सवर?"

"थोडे दिवस तर आहे!"

"वला बोंबील थोडं दिवस थांबत नाय, भाई. सडतो."

नोटिशीवर सचिवाची सही लागत होती. माझा गुरुवार होता. मासळीला शिवणे अशक्य. सही मात्र उपवासाला चालते.

बांबू गेले. दुसऱ्या दिवशी कुरवही गेले. आठवडाभर किनारा अत्यंत नैसर्गिक दिसला. 'पक्ष्यांचे सहकार्य मिळाले नाही,' असे मी इतिवृत्तात नोंदवले.

बायजा हसली. "अवो बाई, ते काय समुद्र बघाया येत व्हते? आम्ही मासळी धुतो, तिची घाण खाया येतात."

हे मत तज्ज्ञांचे ठरवून तिलाच पाचारण केले. तिने टोपलीभर घाण आणावी, फेकावी आणि फ्रेमबाहेर उभे राहावे.

"मग माझी जागा परत देता ना?"

"पहिला फोटो तर येऊ दे, मावशी!"

तिने टोपली रिकामी केली. कुरवांचा ढग उतरला. नविनभाई घोटाभर पाण्यात आडवे झाले.

फोटो फेसबुकवर गेला: 'माणसाचा स्पर्श न झालेला किनारा.' चार हजार लोकांनी अंगठा दिला. 'हा असाच ठेवा,' असे कित्येकांनी कळकळीने लिहिले. एवढ्या जनमतापुढे समितीचा नाइलाज झाला. बोंबील वाळवण्यास कायमची बंदी झाली. आदेशाला अंगठेवाल्यांची यादी जोडली. सही माझीच.

बायजा ती यादी माझ्याकडून वाचून घ्यायला आली. एकशे बाराव्या क्रमांकावर, वाचकहो, तुमचे नाव निघाले. तिने ते दोनदा वाचायला लावले. रागावली नाही. तुमच्या गच्चीवर ऊन किती वाजेपर्यंत असते, एवढेच तिला जाणून घ्यायचे आहे.