पाठ केलेली चर्चा

एका जंगलात, बाळांनो, एक फार शांत शाळा होती. लांडोरबाई तिथे एकोणीस वर्षं शिकवत होत्या. वर्गात पाऊल टाकताच त्या म्हणत, "हाताची घडी, तोंडावर बोट." की सगळा वर्ग चिडीचूप. बाईंना याचा भारी अभिमान होता.

एक दिवस वरून पत्र आलं. मुलांना चर्चा करता आली पाहिजे, तपासणीला वाघसाहेब येतील. चर्चा झाली नाही, तर बाईंची बदली मगरींच्या डोहावरच्या शाळेत. तिथे आधी तिघी जणी गेल्या होत्या. एकीचंही रुजू झाल्याचं पत्र आलं नव्हतं.

पण बाई हाडाच्या शिक्षिका. त्यांनी विषय ठरवला, 'शाळेभोवती झाडे लावावीत का?' मग अख्खी चर्चा फळ्यावर लिहून दिली. कोणी सहमत व्हायचं, कोणी विरोध करायचा, विचारात पडल्यासारखं कोणी कुठे थांबायचं, सगळं. आठ दिवस घोकंपट्टी चालली. फक्त खारीच्या पोरीला वाक्य दिलं नाही. ती फार लहान होती.

वाघसाहेब आले. सकाळपासून उपाशीच होते.

"विषय मी देतो," ते म्हणाले. "तुमच्या बाईंना मी खावं का?"

ससा उठला. "माझ्या मते ही काळाची गरज आहे."

हरणाचं पाडस उठलं. ठरल्याप्रमाणे छताकडे पाहत थांबलं. "मी सशाशी असहमत आहे."

बाईंच्या जिवात जीव आला.

पाडसाने पुढचं वाक्य म्हटलं, "नुसतं बोलून काय होणार? सुरुवात आजच करावी."

"आणि दरवर्षी करावी," कासव म्हणालं.

वाघसाहेब खूश झाले. तेवढ्यात मागून खारीची पोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"पण साहेब, आमच्या बाई तर..."

न विचारता कोण बोललं? बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हाताची घडी, तोंडावर बोट."

पोर खाली बसली. सगळ्या वर्गाने तोंडावर बोट ठेवलं.

"कोणाचा विरोध?" साहेबांनी विचारलं.

वर्ग चिडीचूप. बाई एकेका चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. एकही बोट हललं नाही.

जेवण झाल्यावर साहेबांनी शेरा लिहिला : 'चर्चा उत्तम. निर्णय एकमताने. शिस्त वाखाणण्याजोगी. शिक्षिकेची एक जागा रिक्त.'

तात्पर्य : वर्गात शिस्त हवीच. ती नसती, तर बाई वाचल्या असत्या आणि शेरा बिघडला असता.